कॅन्सर, प्रतिकारयंत्रणा आणि गांजातील रेणू: या वाटेला येऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणारी विद्यार्थिनी विचारते की, कॅन्सरचे प्रतिकारशास्त्र आणि गांजातील कॅनाबिनॉइड रेणू या दोन्हींवर एकत्र संशोधन करता येते का, तसे करिअर प्रत्यक्षात कसे घडते, आणि ‘गांजावर पीएच.डी. करणार का?’ असे घरचे विचारतात त्यांना काय सांगावे. जाता जाता तिने एक ओळ जोडली आहे: आजोबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, मिरजेत इम्युनोथेरपी चालू आहे आणि एका नातेवाइकाने ‘विजयाचे तेल’, म्हणजे गांजाच्या झाडापासून काढलेले तेल, आणून दिले आहे.

मी या क्षेत्रात तीसएक वर्षे काढली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन सांगलीच्या विश्रामबागेत राहायला आले, आणि आता मुख्यतः दुसऱ्यांचे प्रबंध तपासते. तुमची ती जाता जाता लिहिलेली ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली, म्हणून तिच्याकडे शेवटी सविस्तर येते. तोवर एवढे मात्र आजच करा: ती बाटली बाजूला ठेवा आणि आजोबांच्या पुढच्या भेटीत ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून दाखवा.

आधी करिअरचे. ‘कॅनाबिनॉइड आणि कॅन्सर’ असा विषय घेऊन कोणी संशोधक होत नाही. माणूस आधी प्रतिकारशास्त्रज्ञ होतो, किंवा औषधशास्त्रज्ञ, किंवा अर्बुदशास्त्रज्ञ, आणि मग एखादा रेणू त्याच्या वाटेत येतो. मी मॅक्रोफेजवर काम करत होते. मॅक्रोफेज म्हणजे शरीरात शिरलेले जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी. 1993 मध्ये, मी परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे संशोधन, करत असताना, केंब्रिजच्या शॉन मन्रो यांनी गांजाच्या रेणूंना बांधून घेणारा दुसरा रिसेप्टर, म्हणजे ठराविक किल्लीनेच उघडणारे पेशीवरचे कुलूप, शोधल्याचा निबंध आला. पहिला रिसेप्टर, सीबी1, तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत लिसा मत्सुदा यांच्या गटाने क्लोन केला होता आणि तो प्रामुख्याने मेंदूत सापडत असल्यामुळे सगळ्यांची अशी समजूत होती की, गांजाचा संबंध नशेशी, भुकेशी, वेदनेशी, म्हणजे एकूण मज्जासंस्थेशीच आहे. मन्रो यांना सीबी2 सापडला तो मात्र प्लीहेतल्या मॅक्रोफेजमध्ये. ज्या पेशीवर मी चार वर्षे बसले होते तिच्याच पृष्ठभागावर गांजाचे कुलूप बसवलेले आहे हे वाचून मी त्या दिवशी काम अर्धवट टाकून ग्रंथालयात गेले आणि जुने अंक काढून बसले. माझे करिअर या विषयाकडे वळले ते एवढ्याच कारणाने. गांजाबद्दल मला ना आकर्षण होते, ना तिटकारा.

कुलूप असेल तर शरीराची स्वतःची किल्लीही असणार, हे ओघानेच आले. ती 1992 मध्येच सापडली होती. राफाएल मेशुलम यांनी येहिएल गाओनी यांच्यासह 1964 मध्ये टीएचसी हा नशा आणणारा रेणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला होता. त्याच मेशुलम यांच्या जेरुसलेममधील प्रयोगशाळेत मेंदूतून एक स्निग्ध रेणू मिळाला आणि त्याला त्यांनी संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून आनंदामाइड असे नाव दिले. पुढे 1995 मध्ये 2-एजी हा दुसरा रेणू मिळाला. हे रेणू आधी बनवून साठवलेले नसतात. गरज पडली की पेशी आपल्या आवरणातील चरबीपासून ते जागच्या जागी तयार करते आणि एन्झाइमे काही वेळात त्यांची विल्हेवाट लावतात. प्रतिकारयंत्रणेत त्यांचे काम बहुतांशी लगाम घालण्याचे आहे. दाह पेटला की तो किती काळ आणि किती जोरात चालू द्यायचा, हे ठरवणाऱ्या अनेक यंत्रणांपैकी ही एक. संधिवातासारख्या आजारात हा लगाम उपकारक ठरू शकतो. कॅन्सरमध्ये मात्र घोडा उधळावा अशीच आपली इच्छा असते.

या क्षेत्राची सगळी गुंतागुंत इथे सुरू होते, आणि तुम्हाला पीएच.डी. करायची असेल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे.

2000 साली दोन निबंध प्रसिद्ध झाले. माद्रिदच्या मानुएल गुझमान यांच्या गटाने दाखवले की, मेंदूतील ग्लायोमा या गाठीत कॅनाबिनॉइड सोडले तर गाठीच्या पेशी मरतात, आणि त्यांच्या प्रयोगांत प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमधील गाठीही आक्रसल्या. वर्तमानपत्रांनी हे उचलले आणि ‘गांजा कॅन्सर मारतो’ हे वाक्य तेव्हापासून आजतागायत फिरते आहे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी घेऊन टीएचसीचा प्रयोग केला, पण धडधाकट प्रतिकारशक्ती असलेल्या उंदरांवर. त्यांच्या उंदरांत टीएचसीमुळे गाठी जास्त वेगाने वाढल्या. मग त्यांनी तोच प्रयोग टी आणि बी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या मुख्य लढाऊ पेशी, नसलेल्या उंदरांवर करून पाहिला, तर टीएचसीचा गाठीवर काहीच परिणाम दिसेना. म्हणजे टीएचसी गाठीला थेट खतपाणी घालत नव्हते. ते राखणदाराला झोपवत होते आणि गाठ त्याचा फायदा घेत होती. सीबी2 रिसेप्टर अडवणारे औषध दिले की हा परिणाम थांबत असे, तसेच आयएल-10 आणि टीजीएफ-बीटा हे प्रतिकार दडपणारे संदेशरेणू निष्प्रभ केले तरीही थांबत असे. 2005 मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रारूपातही असेच दिसले, आणि 2010 मध्ये दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातील नागरकट्टी दांपत्याच्या गटाने दाखवले की, टीएचसीमुळे उंदरांत मायलॉइड सप्रेसर नावाच्या पेशींची मोठी फौज गोळा होते आणि ती टी पेशींना काम करू देत नाही.

आता यातली ग्यानबाची मेख पाहा. मानवी कॅन्सरच्या पेशी साध्या उंदरात वाढत नाहीत, कारण उंदराची प्रतिकारशक्ती त्या परक्या म्हणून हाकलून देते. म्हणून मानवी गाठीवर औषध तपासायचे तर प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर घ्यावा लागतो. ही सोय आहे, पण या सोयीपोटी प्रश्नाचा अर्धा भाग प्रयोगातून आपोआप गळून जातो, आणि निबंधाच्या सारांशात तो गळल्याचा उल्लेख सहसा नसतो. त्याहून साधी गोष्ट म्हणजे काचेच्या बशीतला प्रयोग. बशीतल्या कॅन्सरपेशी कशानेही मरतात. मात्रा पुरेशी वाढवली तर व्हिनेगरनेही मरतील. आपल्याकडे सांगलीत हे समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. हळदीतील कर्क्युमिनने बशीत कॅन्सरपेशी मारल्याचे ढिगाने निबंध आहेत, आणि मार्केट यार्डात हळदीचा सौदा करणारा व्यापारीही ते तुम्हाला ऐकवील, पण कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम पोहोचते आणि पोहोचले तरी टिकत नाही, हे सांगणारे काम कोणी भिंतीवर लावत नाही. कोणताही निबंध हातात आला की आधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग उघडा आणि उंदीर कोणता होता, त्याला टी पेशी होत्या का, एवढे पाहा. माझे विद्यार्थी मला ‘उंदीर कोणता बाई’ म्हणायचे. मला ते आवडायचे.

माझ्या स्वतःच्या कामातली दोन प्रकरणे सांगते, कारण करिअर कसे घडते हे कौतुकाच्या ओळींत दिसत नाही.

पहिले प्रकरण प्लास्टिकचे. टीएचसी हा अत्यंत स्निग्ध रेणू आहे. तो अल्कोहोलात विरघळतो, पाण्यात नाही. आम्ही तो अल्कोहोलात मुरवून, मग पोषक द्रवात पातळ करून, प्लास्टिकच्या नळ्यांतून पेशींवर घालत होतो, आणि निकाल आठवड्याला बदलत होता. एकदा टी पेशी शांत, एकदा जशाच्या तशा. सहा महिने मी विद्यार्थ्यांच्या हातावर संशय घेतला. शेवटी लक्षात आले की, टीएचसी नळीच्या भिंतीला चिकटून बसते आणि जे उरते त्यातले बरेचसे द्रवातल्या सीरमच्या प्रथिनांना धरून राहते. आम्ही वहीत लिहीत होतो ती मात्रा आणि पेशींना प्रत्यक्षात मिळणारी मात्रा यांचा एकमेकींशी संबंधच नव्हता. काचेच्या नळ्या आणल्या, सीरमचे प्रमाण कायम ठेवले, प्रत्येक वेळी ताजे द्रावण केले, आणि शेजारच्या बशीत नुसते अल्कोहोल घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, कधीही चुकवला नाही. निकाल जागेवर आले. त्या मुलांची मी नंतर माफी मागितली.

दुसरे प्रकरण अँटिबॉडीचे. सीबी2 कोणत्या पेशीवर आहे हे पाहण्यासाठी आम्ही एका कंपनीची अँटिबॉडी, म्हणजे फक्त सीबी2ला चिकटावे असे प्रथिन, विकत घेतली. प्रयोगाचा दिवस असा असे: सकाळी उंदराची प्लीहा काढायची, बोटाच्या पेराएवढा गडद लाल तुकडा, तो दोन खरखरीत काचपट्ट्यांमध्ये हलक्या हाताने चोळून पेशी सुट्या करायच्या, तांबड्या पेशी फोडून टाकायच्या, उरलेल्यांना रंगीत अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमीटरमधून, म्हणजे प्रत्येक पेशीवरचा रंग मोजणाऱ्या यंत्रातून, एकेक पेशी पळवायची. आलेख देखणा यायचा. सगळ्या मॅक्रोफेजवर सीबी2. मग सीबी2चे जनुकच काढून टाकलेले उंदीर आम्हाला मिळाले, आणि त्यांच्या प्लीहेवर तीच अँटिबॉडी लावली तर आलेख तितकाच देखणा आला. म्हणजे ती जे दाखवत होती ते सीबी2 नव्हतेच. कंपनीने पैसे परत केले नाहीत. आमचा लिहून तयार असलेला निबंध मी पेटीत टाकला, आणि त्यावर पीएच.डी. अवलंबून असलेल्या मुलीला दीड वर्ष नव्याने काम करावे लागले. या क्षेत्रात सीबी2च्या अँटिबॉडींची ही दुखणी सर्वज्ञात आहेत, तरीही निबंधांमध्ये त्या आजही विनासायास वापरल्या जातात. मी परीक्षक म्हणून पहिला प्रश्न त्यावरच विचारते, आणि त्यामुळे काही लोकांची माझ्यावर नाराजीही आहे.

आता हेच सगळे माणसावर कसे उतरते ते पाहू, कारण तुमच्या आजोबांचा प्रश्न इथे येतो.

इम्युनोथेरपी म्हणून आजोबांना जे दिले जात आहे ते बहुधा पीडी-1 किंवा त्याचा जोडीदार रेणू अडवणारे औषध असावे. टी पेशीवर पीडी-1 नावाचा एक ब्रेक असतो. तो तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये सापडला, आणि सीटीएलए-4 या दुसऱ्या ब्रेकवरचे जेम्स ॲलिसन यांचे काम 1996चे. दोघांना 2018चे नोबेल मिळाले. गाठ हा ब्रेक दाबून धरते. औषध तिचा पाय ब्रेकवरून काढते आणि टी पेशी पुन्हा चालू लागते. म्हणजे या उपचाराची सगळी भिस्त रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींवर आहे. अशा वेळी त्याच टी पेशींना दुसऱ्या बाजूने लगाम घालणारा रेणू पोटात गेला तर काय होईल, हा प्रश्न कोणत्याही प्रतिकारशास्त्रज्ञाला पडणारच. इस्राएलमध्ये वैद्यकीय गांजा कायदेशीर असल्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी तो तपासला. 2019च्या एका अभ्यासात नुसते निवोलुमॅब हे पीडी-1 अडवणारे औषध घेणाऱ्यांपैकी 37.5 टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला, तर सोबत गांजा घेणाऱ्यांपैकी 15.9 टक्के रुग्णांना. 2020 मध्ये 102 रुग्णांच्या पाहणीत, गांजा न घेणाऱ्यांचा आजार पुन्हा बळावायला मध्यमानाने 13.1 महिने लागले आणि घेणाऱ्यांचा 3.4 महिन्यांतच बळावला. 2022 मध्ये चिनी संशोधकांनी उंदरांमध्ये त्यामागची यंत्रणा दाखवली: टी पेशीवरील सीबी2 चेतवला गेला की आतील जेएके-स्टॅट ही संदेशवाहिनी मंदावते आणि पीडी-1 विरोधी औषधाचा परिणाम घटतो.

पण हे आकडे घेऊन लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. गांजा कोणी घ्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांना वेदना जास्त, भूक कमी, वजन उतरलेले, तेच रुग्ण गांजा मागतात, आणि त्यांचा आजार मुळातच पुढे गेलेला असू शकतो. म्हणजे गांजामुळे आजार बळावला की आजार बळावत होता म्हणून गांजा घेतला गेला, हे अशा पाहणीतून सुटे करता येत नाही, आणि नंतरच्या एका इस्राएली अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब हे त्याच जातीचे औषध घेणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये असा ठळक फरक दिसलाही नाही. माझे स्वतःचे मत असे की, यंत्रणा समजलेली आहे, प्राण्यांतील पुरावा एका दिशेने बोट दाखवतो, आणि रुग्णाला मिळणारा फायदा जर ‘जरा बरे वाटते’ एवढाच असेल तर ही जोखीम घेण्यासारखी नाही. अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, ॲस्कोने, 2024 मध्ये दिलेला सल्लाही हाच आहे की, चाचणीबाहेर कॅन्सरवरचा उपचार म्हणून गांजा किंवा कॅनाबिनॉइड वापरू नयेत. किमोमुळे होणाऱ्या आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या मळमळीवर मात्र त्यांचा उपयोग आहे. ड्रोनॅबिनॉल हे कृत्रिम टीएचसी अमेरिकेत त्यासाठी 1985पासून मंजूर आहे. मळमळ कमी होणे आणि गाठ कमी होणे यांतला फरक तेल विकणारा सांगत नाही.

आणखी एक बाब. बाटलीवर ‘सीबीडी’, म्हणजे गांजातलाच दुसरा एक रेणू, असे लिहिले असेल आणि त्यात नशा नसेल म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. सीबीडी यकृतातील काही एन्झाइमांना अडवते, त्यामुळे आजोबा घेत असलेल्या इतर गोळ्यांची रक्तातील पातळी वाढू शकते. म्हणून बाटली डॉक्टरांना दाखवा. लपवून देऊ नका. आपल्याकडे नातेवाईक प्रेमापोटी नेमके हेच करतात.

घरच्यांच्या प्रश्नाकडे येते. 1985च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी परवाना घेऊन वापर करता येतो. आमच्याकडे शुद्ध टीएचसीची कुपी दुहेरी कुलपाच्या कपाटात असे, किल्ल्या दोघांकडे, आणि काढलेला प्रत्येक मायक्रोलिटर नोंदवहीत सहीनिशी लिहिला जाई. माझ्या आईने एकदा विचारले, ‘एवढ्याशा थेंबासाठी एवढी कागदपत्रे?’ मी म्हटले, ‘आई, थेंबापेक्षा कागदाचेच वजन जास्त आहे.’ तुम्ही घरी सांगा की, तुम्ही गांजावर नव्हे, तर टी पेशी कॅन्सरपुढे का थकतात यावर काम करणार आहात. ते खोटे नाही. ते जास्त खरे आहे.

प्रत्यक्ष वाट अशी. एम.एस्सी. होताच सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची जेआरएफ परीक्षा द्या. शिष्यवृत्ती स्वतःची असली की मार्गदर्शक निवडताना तुमची बाजू पक्की राहते. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था, म्हणजे एनसीसीएस, आणि आयसर, तसेच खारघरचे टाटा मेमोरियलचे कॅन्सर संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, ही तुमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावरची ठिकाणे आहेत. कॅनाबिनॉइडची प्रयोगशाळा शोधत बसू नका. प्रतिकारशास्त्र उत्तम शिकवणारी शोधा. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षे, नंतर पोस्टडॉक तीन ते पाच, म्हणजे स्वतःचा गट उभा राहीपर्यंत तुम्ही पस्तिशीच्या पुढे असाल. या काळात लग्नाचा विषय घरी निघेल तेव्हा काय उत्तर द्यायचे हे मी सांगू शकत नाही. माझे उत्तर त्या वेळी कोणालाच पटले नव्हते.

पुण्यात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, हे आमच्या पिढीतल्या मुलींना माहीत होते आणि त्याचा फार आधार वाटायचा. आज उदाहरणे जवळची आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली कार-टी पेशींची, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याची, देशी उपचारपद्धती 2023 मध्ये मंजूर झाली. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी डोके-मान कॅन्सरच्या रुग्णांत निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम, किमोसोबत देऊन पाहिले. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. मिसरी आणि गुटख्याने तोंड जळालेल्या आपल्या भागातल्या माणसाला हे औषध परवडण्याची शक्यता पहिल्यांदा तिथे दिसली. मात्रा इतकी कमी असताना सोबत घेतलेल्या गांजाचा परिणाम जास्त जाणवेल की नाही, हा प्रश्न आपल्या रुग्णांवर विचारण्यासारखा आहे, आणि तो विचारायला भांग घेणारे किंवा ‘विजयाचे तेल’ घेणारे रुग्ण इथे हुडकावे लागणार नाहीत. फक्त त्यांना न रागावता विचारावे लागेल.

या उन्हाळ्यात दोन महिने मोकळे असतील तर एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन फ्लो सायटोमीटर शिका. कंट्रोल कसे लावायचे ते आधी शिका, रंगीत आलेख नंतर.